चिरा आणि छप्पर

जुन्या घराच्या भिंतीवरचा चुना खरवडून जांभा उघडा करायचा आणि त्याला ‘मूळ रूप परत आणले’ म्हणायचे, हे गोव्यात आता सर्रास चालते. पण पेडणे-डिचोलीकडच्या घरांत चिरा मिरवण्यासाठी बसवलेला नव्हता. खाणीतून काढल्यावर तो सहज तासता येतो, हवा लागली की कठीण होतो. तरी त्याची छिद्रे बुजत नाहीत आणि तो पाणी पितच राहतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात गिलावा म्हणजे भिंतीची कातडी. चिऱ्याने भार पेलायचा आणि गिलाव्याने पाणी अडवायचे, ही कामाची वाटणी ज्यांना दिसत नाही त्यांनी दगडाच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलू नये. त्यावर हळर्णच्या किल्ल्याचा दाखला देतात: उघडा जांभा तिथे शतकांचा पाऊस सोसत उभा आहेच ना? आहे, पण तटाची जाडी घराच्या भिंतीला नसते, आणि तटात ओल झिरपली तरी तिथे कुणाचे अंथरूण भिजत नाही.

तरीही हा आक्षेप एवढ्याने निकाली निघत नाही. रुंद वळचणीखालची उघडी भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि छप्पर गेलेल्या घराचा उत्तम गिलावाही काही पावसाळ्यांत सुटतो. म्हणजे खरा राखणदार गिलावाही नव्हे, छप्पर आहे. पेडण्याचा देशप्रभूंचा वाडा पाहा. पोर्तुगीज अंमल या तालुक्यात 1788 साली पक्का झाला, घराण्याला पुढे व्हिस्काउंट ही पदवी मिळाली, दर्शनी भागाने युरोपीय वळण घेतले. आतली रचना मात्र राजांगणांचीच, म्हणजे आतल्या उघड्या चौकांची. राजांगणाच्या चारी बाजूंची छपरे आत उतरतात, म्हणजे हे घर पाऊस पोटात घेते. जिथे दोन उतार मिळतात त्या कोनातले एक कौल सरकले की वासे कुजू लागतात आणि मग पाणी वरून थेट भिंतीच्या गाभ्यात उतरते. साधे नळे होते तेव्हा दर पावसाळ्यापूर्वी ते परतावे लागत. 1865 पासून मंगळुरी कौले निघू लागली आणि कष्ट कमी झाले, पण वर चढून पाहणारा माणूस लागतोच.

हा माणूस पाठवायचा कुणी? 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलगा-मुलगी असा भेद न करता वारसांना समान हक्क दिला. तो न्याय्यच आहे, त्याला बोल लावणार नाही. पण एका घराचे वीस मालक झाले, त्यातले निम्मे परदेशी गेले, की कौलांचा खर्च कुणाच्याच वाट्याला येत नाही. म्हणून जुन्या घरांसाठी सरकारी मदत ठेवायची तर ती आधी वासे, कौले आणि पन्हळींसाठी द्यावी, आणि तेवढ्या कामापुरती कुणाही एका वारसाची सही पुरेशी मानावी.