तोच ॲनोड, की दर वेळी नवा?

बदलत राहणारी वस्तू कोणत्या अर्थाने ‘तीच’ राहते, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. लिथियम-आयन बॅटरीसाठी फॉस्फरस आणि कार्बन एकत्र करून जो ॲनोड (ऋण विद्युद्‌ध्रुव) बनवतात, त्यात या वादाची दोन्ही अंगे डोळ्यांसमोर येतात.

आधी ‘तीच’ म्हणणारी बाजू पाहू. योगी चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी दिलेले उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. सोने आणि दागिना यांचा दृष्टान्त तिच्यात येतो: आकार पालटला तरी मूळ द्रव्याला धक्का लागत नाही. दृष्टान्त परब्रह्माविषयीचा आहे, जड पदार्थाला तो मर्यादेनेच लावता येतो. फॉस्फरसचेच पाहा. हेनिग ब्रांटने १६६९ मध्ये हॅम्बुर्ग येथे मूत्र आटवून मिळवलेला पांढरा फॉस्फरस विषारी असतो आणि हवेत आपोआप पेट घेतो. लाल फॉस्फरस काडेपेटीच्या कडेवर निमूट बसतो. पर्सी ब्रिजमनने १९१४ मध्ये प्रचंड दाबाखाली घडवलेला काळा फॉस्फरस थरांचा असून त्यातून वीज वाहते. अणू एकाच जातीचे, जोडणी निराळी. पण दागिना झाल्याने सोन्याचे गुण बदलत नाहीत. इथे ते मुळापासून बदलतात.

ॲनोडमध्ये ही अडचण आणखी वाढते. नेहमीच्या बॅटरीतल्या ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे सहा अणू मिळून एक लिथियम सामावून घेतात; क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिॲम्पिअर-तास. फॉस्फरसचा एकच अणू तीन लिथियम घेतो, म्हणून त्याची सैद्धान्तिक क्षमता २५९६ पर्यंत जाते. लिथियम शिरताना मात्र फॉस्फरसचे आकारमान सुमारे ३०० टक्क्यांनी वाढते आणि लिथियम बाहेर पडताना आक्रसते. कण तडकतात, त्यांचा चुरा होतो, वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पत्र्याशी असलेला संबंध तुटतो. मग फॉस्फरस जिथल्या तिथे असूनही त्याच्यापर्यंत वीज पोहोचत नाही. द्रव्य शाबूत आणि ॲनोड संपलेला, अशी ही अवस्था.

वस्तू तुटून नवी होते की तीच राहते, हा प्रश्न दर्शनांत मडक्याच्या उदाहरणाने मांडला गेला: कच्चे मडके भट्टीत भाजून लाल होते तेव्हा काय घडते, यावर वैशेषिक आणि नैयायिक या दोन दर्शनपरंपरांत मतभेद होता. वैशेषिकांच्या पीलुपाकवादानुसार मडके परमाणूंपर्यंत विलग होते, परमाणूंचा रंग पालटतो आणि त्यांतून नवे मडके जुळते. अवयवांचा संयोग तुटला की अवयवी, म्हणजे त्या अवयवांनी बनलेली वस्तू, उरत नाही, हा त्यांचा नियम. नैयायिकांचा पिठरपाकवाद म्हणतो की मडके अखंड राहते. ते सच्छिद्र असल्याने उष्णता आत शिरते आणि ‘हे तेच’ अशी ओळख पटते.

फॉस्फरस एकटा असेल तर वैशेषिकांची बाजू भक्कम ठरते. कार्बन आला की पारडे फिरते. लाल फॉस्फरस आणि कार्बन पोलादी गोळ्यांच्या चक्कीत तासन्‌तास दळले की कण बारीक होतात आणि लाल रूपाचे काळ्यात रूपांतरही होऊ शकते. पार्क आणि सोन या कोरियन संशोधकांनी २००७ मध्ये या वाटेने काळ्या फॉस्फरसचे संमिश्र करून दाखवले. २०१४ मध्ये काळा फॉस्फरस ग्रॅफाइटबरोबर दळून दोहोंत रासायनिक बंध तयार झाल्याचे आणि त्यामुळे ॲनोड अधिक टिकल्याचे दिसून आले. कार्बनच्या पोकळ्यांमध्ये फॉस्फरस भरला तर फुगण्यास आतच जागा मिळते. सच्छिद्र आणि तरी अखंड, हे नैयायिकांचे मडके इथे मुद्दाम घडवावे लागते.

म्हणून ॲनोडचा तोचपणा केवळ फॉस्फरसच्या अणूंत शोधणे अपुरे आहे. अणू फिरून सापडतात, मूळची रचना जशीच्या तशी परतेलच असे नाही. टिकवावा लागतो तो अवयवांचा परस्परसंबंध. हा संबंधही निर्दोष नसतो. प्रत्येक फुगवट्याबरोबर कणांवरची पातळ संरक्षक साय फाटते, ती पुन्हा धरताना थोडे लिथियम कायमचे अडकते. क्षणिकवादी बौद्ध इथे आक्षेप घेतील की दर फेरीला ॲनोड वेगळाच असतो, सारखेपणामुळे आपण त्याला एक समजतो. क्षमतेची उतरती रेघ त्यांच्या बाजूने बोलते. पण ती रेघ कोणा एकाची आहे असे धरल्याशिवाय काढताच येत नाही, हा नैयायिकांचा मुद्दा अधिक वजनदार वाटतो.