खेळ कुणाचा?

गेल्या दिवाळीत माझा भाचा इंग्लंडहून आला होता. भाऊबीज आटोपली, चिवड्याच्या डब्याचा तळ दिसू लागला, आणि घरात बसून कंटाळलेल्या आम्हा मंडळींनी एक दिवस पानशेतला जायचे ठरवले. पावसाळा सरल्यावरच्या त्या दिवसांत धरणाचे पाणी तुडुंब असते, डोंगरांनी हिरवा रंग अजून सोडलेला नसतो. संध्याकाळी परतताना वाटेवरच्या एका वाडीपाशी मुले कबड्डी खेळताना दिसली. मातीवर पाणी शिंपडून फक्कीने रेघा आखल्या होत्या. भाच्याने गाडी थांबवायला लावली.

बांधावर एक म्हातारबुवा बसले होते. त्यांनी भाच्याला आपादमस्तक न्याहाळून विचारले, "पाव्हनं, तुम्ही बी खेळता जनू?"

"हो आजोबा. फुटबॉल खेळतो. पण पायाने खेळतात तो नव्हे, अमेरिकेतला."

"आन् ऱ्हाता कुठं?"

"इंग्लंडात."

म्हातारबुवा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे गाव हितलं, चाकरी तिकडची, आन् खेळ तिसऱ्याचाच! मग त्यो खेळ कुनाचा म्हनायचा?"

आम्ही सगळे हसलो. पण घरी आलो तरी तो प्रश्न काही मनातून जाईना.

हा अमेरिकी फुटबॉल म्हणजे मोठा विलक्षण प्रकार आहे. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांना कवचे, एका बाजूला अकरा गडी, चेंडू अंड्यासारखा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू बहुधा प्रतिपक्षाच्या हवाली करायचा. मूळ पाहू गेल्यास हा खेळ इंग्रजांच्या रग्बीतून निघालेला. अमेरिकेत गेला, तिथे त्याने रूप पालटले. १९८२ च्या नोव्हेंबरात चॅनेल फोर या नव्या दूरचित्रवाणी वाहिनीने तो ब्रिटनमध्ये दाखवायला सुरुवात केली. सासरी जाऊन आमूलाग्र बदललेली लेक माहेरी परतावी आणि माहेरच्यांनी तिला ओळखूच नये, तशातली ही गत! पण तरुणांना तिने वेड लावले. १९८३ साली लंडन रेव्हन्स, बर्मिंगहॅम बुल्स असे क्लब उभे राहिले आणि बघता बघता गावोगाव त्यांचे पीक आले.

पुढे नवलाई ओसरली. पुरस्कर्ते पांगले, कित्येक क्लब मोडले, कित्येक एकमेकांत मिसळले. जे राहिले ते खेळाडूंच्या वर्गणीवर राहिले. भाचा ज्या क्लबातून खेळतो तिथे दर रविवारी मैदानाचे भाडे हे गडीच भरतात, शिरस्त्राण ज्याचे त्याने घ्यायचे, आणि चिखलात रेघाही त्यांनीच मारायच्या. प्रेक्षक किती, असे मी विचारले. तो म्हणाला, "पाऊस नसला तर तीस-चाळीस. त्यांतले निम्मे कुणाचे तरी आईबाप."

आता या खेळाचा धनी कोण? ज्या देशात तो जन्मला तो देश, असे म्हणावे, तर जन्म कुठला धरायचा, रग्बीचा की अमेरिकेचा? बॅडमिंटनचेच पाहा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अंमलदार तो पुण्यात खेळत. त्या काळी त्याला 'पूना' असेही म्हणत. म्हणून जगातल्या बॅडमिंटनपटूंनी पुणेकरांना मुजरा करावा, असे काही आपण म्हणत नाही.

मग ज्याने पैसा ओतला तो धनी? १९९१ साली धंदेवाईक खेळाडूंचा लंडन मोनार्क्स हा संघ वेम्ब्लीच्या मैदानावर हजारोंच्या साक्षीने अजिंक्यपद मिळवता झाला. १९९८ साली त्याचे अस्तित्व संपले. आपल्याकडेही हा प्रयोग झाला. २०१२ साली एलिट फुटबॉल लीग नावाची स्पर्धा निघाली. तिच्यामागे अमेरिकी पैसा होता आणि पहिले विजेतेपद 'पुणे मराठाज' या संघाने मिळवले. ही गोष्ट किती पुणेकरांच्या कानी आली असेल? पैशाने संघ उभा राहतो. पण रविवारी सकाळी पावसात उठून जाण्याची ओढ पैशाला विकत घेता येत नाही. ती ज्यांच्यापाशी होती, त्यांचे फाटके क्लब उरले.

तेव्हा खेळ वर्गणी भरणाऱ्याचा, असे म्हणून मी मोकळा होणार होतो. पण इथेच खरी अडचण सुरू होते. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. वस्तुतः मोल असते, आणि ते पुष्कळदा दुसराच कोणी भरतो. भाच्याच्या रविवारच्या खेळासाठी त्याची बायको दोन लहान मुले घेऊन घरी थांबते. तिची वर्गणी कुठल्याच वहीत लिहिलेली नाही. इंग्लंडात तर एके काळी 'हौशी' हा शब्द गरिबाला बाहेर ठेवण्याचे कुंपण झाला होता. खेळासाठी बुडलेल्या रोजाची भरपाई घेणे रग्बीच्या धुरिणांना अधर्म वाटे. ज्याला रोज बुडण्याची भीती नाही त्याने हा धर्म सांगावा, यात नवल ते काय? अखेर १८९५ साली उत्तरेकडच्या क्लबांनी हडर्सफील्ड येथे सभा भरवून वेगळी चूल मांडली. त्यांचे पुष्कळसे गडी खाणींत आणि गिरण्यांत राबणारे होते.

आणि आपल्या पुण्यातले उदाहरण त्याहून बोलके आहे. पळवणकर बाळू इंग्रजांच्या क्लबात चाकरीला होते. मैदानाची देखभाल करायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्यांचे काम. खेळ परका, क्लब परका, आणि मोबदला महिन्याचे चार रुपये. पुढे हिंदूंच्या संघात आले, तर स्वकीयांनी त्यांना चहा तंबूबाहेर वेगळ्या भांड्यात दिला. कारण ते जातीने चांभार. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. साहेब म्हणत होते खेळ आमचा, हिंदू संघ म्हणत होता संघ आमचा. आणि त्या खेळात स्वतःला झिजवणारा मनुष्य दोघांच्याही उंबऱ्याबाहेर उभा होता. आज कोणी विचारले की ते क्रिकेट कुणाचे होते, तर मी बाळूंचेच नाव घेईन. ते पगार घेत होते म्हणून त्यांची मालकी उणी होत नाही. कसोटी खिशातल्या वर्गणीची नव्हे. मनुष्याने आपला किती भाग त्या कामात घातला, ही आहे.

ही कसोटी स्वतःला लावून पाहिली आणि मी जरा ओशाळलो. मार्च २०२५ मध्ये कबड्डीचा विश्वचषक इंग्लंडातच झाला. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी तो जिंकला, तेव्हा "आपला खेळ, आपली माणसे" म्हणून मी शेजाऱ्यांना पेढे दिले होते. वाचकहो, मी शेवटचा दम घेतला तो शाळेत असताना! चाळीस वर्षे ज्या खेळाला मी घामाचा थेंब दिला नाही तो माझा, आणि दर रविवारी भाचा ज्याच्यासाठी अंग काळेनिळे करून घेतो तो मात्र परक्याचा! वारसा हा हक्क नव्हे, ते देणे आहे. आणि मी त्याचा एक हप्ताही फेडलेला नव्हता.

म्हातारबुवांशी निघतानाही थोडे बोलणे झाले होते. त्यांनी पाण्याकडे बोट दाखवून म्हटले, "त्या अंगाला खाली आमची भाताची खाचरं व्हती. सातबारा गेला. पन कुठलं खाचर कुठं व्हतं, आजून डोळं मिटून सांगीन."

आम्हा पुणेकरांना पानशेत म्हटले की १२ जुलै १९६१ आठवतो. धरण फुटले, शहर बुडाले, ते आम्ही आजही सांगतो. ते पाणी अडवण्यासाठी कुणाची खाचरे बुडाली, ते आम्ही सहसा सांगत नाही. धरण पुन्हा बांधले गेले. नळ सोडला की येते ते पाणी आम्ही 'आमचे' म्हणतो, जसा मी कबड्डीला 'आमचा' म्हणत होतो. श्रमाने आलेली मालकी कोणी हिरावू शकत नाही, हे खरे. पण तेवढ्याने म्हाताऱ्याचे शेत परत येत नाही, हेही तितकेच खरे. ज्याचे श्रम त्याचेच नाव, एवढे तरी आपण तोंडाने कबूल करावे. न्यायाचा आरंभ कुठून तरी व्हायला हवा.

मुलांनी मग पावतीपुस्तक आणले; वाडीच्या मंडळाचे सामने भरायचे होते. मी पाकीट काढले. भाच्याने मात्र बूट काढले, आणि मुलांना विचारून मैदानात उतरला. पहिल्याच चढाईत त्याला दहा-बारा वर्षांच्या दोन पोरांनी घोट्याला धरून आडवा केला. तो मातीने माखून हसत उठला, तेव्हा म्हातारबुवा बांधावरून ओरडले, "आता भरली पाव्हन्यानं वर्गनी!"

माझी पावती अजून खिशात आहे. ती दाखवून कुणाला काही सांगावेसे मात्र वाटत नाही.