आता माझे काय राहिले?



पांडुरंगकृपेने आज म्हातारपणाविषयी चार शब्द बोलायचे आहेत. विषय गोड नाही, पण टाळल्याने टळणाराही नाही.

साठी उलटली की पुष्कळांच्या तोंडी एक वाक्य येऊन बसते, ‘आता माझे काय राहिले?’ शेत मुलाच्या नावावर झाले, किल्ल्या सुनेच्या कमरेला गेल्या, नोकरदार असेल तर पेन्शनीचा कागद हाती आला. सकाळी उठावे तर कोणाचे आपल्यावाचून अडत नाही, आणि रात्री पडावे तर डोळ्याला डोळा लागत नाही. मग पाय देवळाकडे वळतात. चांगले आहे. पण खरे विचाराल तर कित्येक जण येतात ते नामासाठी नव्हे. सुनेचे गाऱ्हाणे ऐकायला तेथे चार कान मिळतात म्हणून. बोलणे कडू आहे. पारावर बसणाऱ्यांनी आपल्या मनाशी ताडून पाहावे.

मात्र त्या गाऱ्हाण्याखाली पुष्कळदा खरे दुःख असते. चाळीस वर्षे संसार केलेली जोडीदारीण गेलेली असते. एखाद्याने तर कर्त्या मुलाला खांदा दिलेला असतो. असा मनुष्य माळ गळ्यातून काढून खुंटीला अडकवतो आणि म्हणतो, ‘इतक्या वाऱ्या केल्या, त्याचे हे फळ?’ त्याला कोणी लगेच ब्रह्मज्ञान सांगू नये. त्याच्याजवळ गप्प बसावे. पण ती माळ खुंटीवरच राहिली तर उरलेली दहा-पंधरा वर्षे तो कशाच्या आधाराने काढणार, हा प्रश्न उरतोच, आणि आजचे निरूपण त्याच्यासाठी आहे.

तरुणपणी विचारावे तर उत्तर येते, ‘देवधर्म म्हातारपणी पाहू.’ म्हातारपणी विचारावे तर, ‘आता वेळ गेली.’ अहो, बोलणारा मनुष्य एकच! मग वेळ होती तरी कधी?

यावर अजामिळाचे नाव हमखास पुढे येते. अंतकाळी मुलाला ‘नारायणा’ म्हणून हाक मारली आणि तरून गेला, तेव्हा आपणही शेवटी एक हाक मारू म्हणजे झाले! कथा अर्धी ऐकली की असे होते. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाचे वय ८८ वर्षे सांगितले आहे. दहा मुलांतला धाकटा नारायण, त्याच्यावर सगळा जीव. यमदूत आले, हाक गेली, विष्णुदूतांनी सोडविले, इतके सर्वांना पाठ आहे. पण अजामिळ त्या क्षणी मेला नाही, हे कोणी सांगत नाही. दूत निघून गेल्यावर तो शुद्धीवर आला, केलेल्या कर्मांचा त्याला पश्चात्ताप झाला आणि घरदार सोडून तो गंगाद्वारी गेला. तेथे इंद्रिये आवरून त्याने साधना केली आणि मग देह ठेवला. म्हणजे नामाने त्याला मरण चुकवून दिले ते काम करण्यासाठी. ८८ व्या वर्षी ज्याला नवे काम मिळाले, त्याच्यापुढे आपली साठी-सत्तरी काय सांगावी?

पुराणातले राहू द्या, आपल्या आळंदीचे पाहू. श्रीज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा आज ज्या रूपाने चालतो, ते रूप हैबतरावबाबा पवार आरफळकर यांनी दिले. गाव सातारा भागातले आरफळ. उमेदीची वर्षे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चाकरीत गेली, सरदारकी मिळाली, पैसा मिळाला. परंपरा सांगते की, ही मिळकत घेऊन गावी परतत असताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटले आणि गुहेत कोंडून तोंडाशी शिळा लोटली. आयुष्यभराची कमाई बाहेर आणि आपण अंधारात! ‘आता माझे काय राहिले’ हे म्हणायचा अधिकार कोणाला असेल तर त्या घटकेला हैबतबाबांना होता. पण त्यांच्याजवळ हरिपाठ होता, तो पाठ होता, आणि पाठ असलेले कोणाला लुटता येत नाही. तो ते म्हणत राहिले. पुढे त्या नायकाच्या घरी मुलगा झाला, त्या आनंदात शिळा निघाली आणि बाबा सुटले. सुटल्यावर घरी जाऊन वाडा बांधता आला असता. ते आळंदीस आले आणि माउलीच्या सेवेत राहिले.

त्याआधी वारी नव्हती असे नाही. १६८५ साली तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी देहूहून पालखी काढली, तीत माउलींच्याही पादुका असत. १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि लवाजमा दिला. अंकलीहून आळंदीस अश्व येण्याचा प्रघात आजही चालू आहे. वासकरांसारख्यांनी दिंडी-भजनाची बाजू सांभाळली.

कोणी म्हणेल, ते सरदार, आम्ही साधी माणसे. बरोबर. पण बाबांनी सोहळ्यास काय दिले ते पाहा. संपत्तीचा मोह त्यांनी सोडला होता, पण फौजेत शिकलेली शिस्त सोडली नाही. कोणाची दिंडी कोठे, तळ कसा पडावा, चोपदाराचा दंड वर झाला की हजारोंचे टाळ कसे एकदम थांबावेत, या रीतीत लष्करी हात दिसतो. तलवारीच्या चाकरीत मिळालेले शहाणपण माउलीच्या पायी वाहिले गेले. आयुष्य फुकट गेले असे ज्यांना वाटते त्यांनी येथे थांबून विचार करावा. तुम्ही तीस वर्षे दुकानाची कीर्द लिहिली? मग दिंडीच्या भिशीचा हिशेब तुमच्याइतका चोख कोण ठेवील? ज्या बाईने चाळीस वर्षे खटल्याच्या घरचा स्वयंपाक रेटला, तिला दोनशे माणसांच्या पिठल्याचा अंदाज पोराटोरांनी शिकवायचा की तिने त्यांना?

आता शिकण्याचेच निघाले म्हणून सांगतो. म्हाताऱ्याला सर्वांत जड जाते ते लहानाकडून शिकणे. नातू हरिपाठाची चाल दुरुस्त करू लागला की आजोबांचा कान तापतो. चांगदेवांची गोष्ट घ्या. चौदाशे वर्षांचे योगी म्हणून त्यांची ख्याती. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यातच अडले. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून ‘तीर्थरूप’? शेवटी कोराच कागद पाठविला. त्याचे उत्तर म्हणजे चांगदेव पासष्टीच्या ६५ ओव्या. आणि पुढे त्यांनी गुरू केले कोणाला? मुक्ताबाईला, एवढ्याशा पोरीला! वाघावर बसून येणे सोपे होते हो, त्या मुलीपुढे मान खाली घालणे अवघड होते, आणि चांगदेवांचे खरे मोठेपण तेथेच आहे.

‘महाराज, मन आहे, पण गुडघे नाहीत,’ असे पुष्कळ माउल्या म्हणतात. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरची चाल. ज्याला झेपत नाही त्याने हट्टाने जीव धोक्यात घालू नये, आणि झेपत नाही म्हणून वारकरीपण संपले असेही मानू नये. एकादशी घरी होते. तुळशीला पाणी घरी घालता येते. पालखी गावावरून जात असेल तर दारात पाण्याचा हंडा भरून ठेवता येतो. दुपारच्या उन्हात चाललेल्याला त्याची किंमत विचारा. आणि ज्याने माळ खुंटीला अडकवली आहे त्याला माझी एवढीच विनंती की, श्रद्धा परत येण्याची वाट पाहत बसू नका. हैबतबाबांना गुहेत काय वाटत होते हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ते हरिपाठ म्हणत होते, एवढेच सांगितले जाते. तुम्हीही रागावूनच म्हणा. देवावर रागावणे ही आपल्या संतांच्या घरची जुनीच रीत आहे, नामदेवराय तर विठोबाशी उघड भांडत.

गावात नामसप्ताह बसतो तेव्हा एक अडचण नेहमी येते. वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. दिवसाच्या पहाऱ्याला नावे भराभर लागतात, पण मध्यरात्री दोन ते चारला कोण उभा राहणार? तरुणांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते. ज्यांना रात्री झोप येत नाही त्यांनी यंदा सप्ताहाच्या यादीत तो पहारा आपल्या नावावर लिहून घ्यावा. रात्रीची थंडी असते, घोंगडी बरोबर आणावी.