टाचणातला भविष्यकाळ

शाळेत शिकवणाऱ्या माणसाला दर शनिवारी एक वाक्य लिहावं लागतं : आठवड्याच्या अखेरीस विद्यार्थ्यांना अमुक करता येईल. अमुकच्या जागी कधी गोष्टीचा आशय सांगता येईल, कधी पाच नवे शब्द वाक्यात वापरता येतील, कधी साधा भूतकाळ ओळखता येईल. खाली शिक्षकाची सही, तिच्या खाली पर्यवेक्षकांची. सवयीमुळे या वाक्यातला दावा केवढा मोठा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. 38 निरनिराळ्या डोक्यांत पुढच्या शुक्रवारपर्यंत काय घडलेलं असेल, हे एक माणूस शनिवारी दुपारी लिहून मोकळा होतो. ज्योतिषीसुद्धा एका वेळी एकच पत्रिका बघतो.

असं लिहिण्याचा अधिकार कुणाला असतो का, आणि कशाच्या जोरावर, हा मला नैतिक प्रश्न वाटतो. शिक्षणशास्त्रात तो तंत्राचा प्रश्न म्हणून येतो आणि चटकन सुटतो.

मराठी शाळांत या लिखाणाला टाचण म्हणतात. टाचणं म्हणजे तात्पुरतं अडकवून ठेवणं, नंतर उसवायचं आहे हे धरूनच. शब्द नेमका आहे, पण ज्या रकान्यांत टाचण भरायचं ते मात्र पक्क्या शिलाईचे आहेत. त्यांचा वंश लांबचा. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्टने शिकण्याच्या चार अवस्था सांगितल्या, त्याच्या मागून आलेल्या त्सिलर आणि राईन यांनी त्यांच्या पाच पायऱ्या केल्या, आणि त्या आपल्याकडे ‘हर्बार्टची पंचपदी’ म्हणून अध्यापक विद्यालयांतल्या पिढ्यांनी पाठ केल्या. 1956 साली ब्लूम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड मांडली. 2017 साली एनसीईआरटीने प्राथमिक स्तरासाठी अध्ययन निष्पत्ती जाहीर केल्या. आठवी इयत्ताही त्यांच्यात येते. या सगळ्या प्रवासात वाक्याचा कर्ता बदलत गेला. आधी शिक्षक काय करील हे लिहीत, आता विद्यार्थ्याला काय येईल हे लिहितात. सुधारणा म्हणून ती खरीच आहे. पण आपण काय करू हे सांगणं आणि दुसऱ्याच्या मनात काय होईल हे सांगणं, यांत पहिल्याची हमी देता येते.

भाषांतरकाराला इथे क्रियापद अडवतं. इंग्रजी नमुन्यात विद्यार्थी कर्ता असतो, तो अमुक करण्यास समर्थ होतो. मराठीत तो कर्ता राहत नाही : त्याला ‘येतं’. मला पोहता येतं, मला इंग्रजी येतं. येणारी असते ती भाषा, आपण जागेवर असतो. हिंदीत हेच, कन्नडमध्ये ‘ननगे बरुत्ते’, तेलुगूत ‘नाकु वच्चु’, हैदराबादच्या दखनीत ‘मेरेकू आती’. तमिळ ‘एनक्कु तेरियुम्’ म्हणते, तिथे भाषा येत नाही, कळते. पण माणूस चतुर्थीतच. बंगालीत मात्र ‘आमि जानि’, मी जाणतो. व्याकरणावरून लोकांचा स्वभाव काढण्याचा मोह मला आवरतो. तरी एवढं म्हणता येईल, की शिकण्याचा आपला रोजचा अनुभव या भाषांनी बऱ्यापैकी प्रामाणिकपणे नोंदवला आहे. येणाऱ्याची तयारी करता येते, वाट पाहता येते. त्याच्या येण्याची तारीख सहीनिशी देणं अवघड.

माझी एक मैत्रीण सिकंदराबादच्या एका शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. वर्गात घरी तेलुगू, दखनी, हिंदी, मराठी बोलणारी मुलं. काही घरांत इंग्रजीही. तिच्या एका आठवड्याच्या टाचणाचा विषय होता टॉलस्टॉयची ‘तीन प्रश्न’ ही गोष्ट. एनसीईआरटीच्या ‘हनीकॉम्ब’ या सातवीच्या पुस्तकात बरीच वर्षं हा पहिला धडा होता. टॉलस्टॉयने ती 1903 साली, किशिनेव्हमध्ये ज्यूंची कत्तल झाल्यानंतर, पीडितांच्या मदतीसाठी शोलेम अलेखेम काढत असलेल्या यिद्दिश संग्रहाकरिता दिली होती. म्हणजे रशियन लेखकाची गोष्ट मुळातच भाषांतरासाठी निघाली, आणि फिरत फिरत सिकंदराबादच्या वर्गात इंग्रजीचा धडा होऊन बसली.

टाचणाच्या दृष्टीने ही गोष्ट खट्याळ आहे. राजाला हवं असतं ते प्रत्येक कामाची योग्य वेळ, योग्य माणसं आणि सर्वांत महत्त्वाचं काम आधीच ठाऊक असणं. एक सल्लागार म्हणतो वेळापत्रक करा आणि ते काटेकोर पाळा. दुसरा म्हणतो आधी काही ठरवताच येत नाही. राजाला उत्तर मिळतं ते जंगलात, एका म्हाताऱ्या एकांतवाशाच्या कुटीसमोर माती खणताना आणि एका जखमी माणसाची शुश्रूषा करताना. ज्या गोष्टीत वेळापत्रकाचा सल्ला कुचकामी ठरतो, तिचंच 6 तासिकांचं वेळापत्रक करायचं.

सोमवारी वाचन ठरल्याप्रमाणे झालं. मंगळवारच्या टाचणात ‘नवे शब्द : 10 मिनिटं’ असं होतं. त्यात एकांतवाशासाठीचा इंग्रजी शब्द ‘हर्मिट’ होता. तिने अर्थ विचारला. एक मुलगा म्हणाला फकीर. मागून कुणी म्हणालं, फकीर तर फिरतो, हा एका जागी राहतो. साधू? साधूला भेटायला लोक जातात, आणि साधू माती कशाला खणेल? मुनी? मुनी तप करतात, शेती नाही. एका मुलीने संन्यासी सुचवला आणि लगेच स्वतःच खोडला, कारण तिच्या मते संन्यासी होण्याआधी घरदार असावं लागतं, याचं होतं की नव्हतं ते गोष्टीत सांगितलेलंच नाही. 40 मिनिटं संपली. उरलेले चार शब्द तसेच राहिले.

तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी हरखलो. एका शब्दाभोवती पाच संस्कृती गोळा झाल्या होत्या. भाषांतराच्या कार्यशाळेत मोठी माणसं इतका नेमका वाद घालत नाहीत.

“झालं तुझं?” ती म्हणाली. “अरे, सहा जण बोलले. सहाच. मी मोजले.”

मला हा सबंध प्रश्न त्या आकड्यापाशी बदललेला दिसतो. टाचण फेकून देणारा शिक्षक हे आपलं लाडकं पात्र आहे. सिनेमात तो असतो, आत्मचरित्रांत असतो, साहित्यिकांच्या शाळेच्या आठवणींत तर असतोच असतो. पण आठवणी लिहिणारे कोण, तर त्या सहांपैकीच कुणी तरी. ज्यांच्या घरी पुस्तकं होती, ज्यांना चूक होण्याची भीती कमी होती, त्यांना उत्स्फूर्त तास आठवतो. उरलेल्या 32 जणांच्या मंगळवाराची नोंद कुठे होत नाही.

थोडा हिशेब करू. आठवड्याच्या 6 तासिका, प्रत्येकी 40 मिनिटं, म्हणजे 240 मिनिटं. हजेरी, वह्या, सूचना यांत तासिकेमागे 10 मिनिटं गेली तर उरली 180. त्यातला निम्मा वेळ शिक्षिका बोलते असं धरलं (हे प्रमाण उदार आहे), तर मुलांच्या वाट्याला 90. समान वाटणी केली तर एकेकाला सव्वादोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ. सहा जणांनीच बोलायचं ठरवलं तर त्यांना पंधरा-पंधरा मिनिटं. इंग्रजी ऐकून आणि वापरून येतं हे खरं असेल, तर वर्गातली ती मिनिटं ही संपत्ती आहे, आणि कुणी काही ठरवलं नाही तर ती जुन्याच वाटांनी जुन्याच घरी जाते. टाचण म्हणजे ही वाटणी कशी करायची याचा, मिनिटं खर्च होण्याआधी केलेला विचार. तो न करणं हीदेखील एक वाटणीच असते.

यावर बंगळूर प्रकल्पाचं उदाहरण पुढे येईल. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या काही शाळांत व्याकरणाची ठरीव क्रमवारी बाजूला ठेवून इंग्रजी शिकवून पाहिलं. मुलं नकाशे वाचत, रेल्वेचं वेळापत्रक पाहून गाडी ठरवत. लक्ष अर्थावर, भाषा आपोआप यावी ही कल्पना. टाचणविरोधकांना हा प्रयोग आपला वाटतो. पण बारकाईने पाहिलं तर प्रभूंनी नियोजन सोडलेलं नाही, कशाचं नियोजन करायचं ते बदललं. कोणतं वाक्यरूप कुठल्या दिवशी ‘येईल’ हे लिहिणं त्यांनी थांबवलं. कोणतं काम मुलांपुढे ठेवायचं हे मात्र कसून ठरवलं. कामाचा अवघडपणा जोखायला त्यांचा ढोबळ नियम होता : वर्गातल्या निम्म्या मुलांना निम्मं काम जमावं. या नियमात भविष्यकाळ नाही. काम झाल्यावर मोजायचं आणि त्यावरून पुढचं ठरवायचं. मला तो टाचणाच्या नैतिकतेसाठीही पुरेसा वाटतो, फक्त एक शंका ठेवून. दर वेळी तेच निम्मे असतील तर?

मैत्रिणीने बुधवारचं टाचण मंगळवारी रात्री बदललं. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. त्या म्हाताऱ्याला तुमच्या घरच्या भाषेत काय म्हणाल ते लिहा, लिपी कोणतीही, नाव घालायचं तर घाला. पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही. बोलणाऱ्या सहांनाही नाही, आणि तिलाही नाही. 38 चिठ्ठ्यांत अपेक्षित शब्द बरेच होते. एका चिठ्ठीवर, शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाने, नावासकट लिहिलं होतं : चौकीदार.

तिने ते फळ्यावर इतर शब्दांबरोबर लिहिलं. वर्ग हसला. असं का, हे तिने त्याला विचारलं नाही, सगळ्यांनाच विचारलं. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, “अकेला रैता. मिट्टी खोदता.” बांधकामाच्या जागेवर एकटा राहणारा, खोलीपुढे भाजीचे दोन वाफे खणणारा माणूस ज्याने पाहिला आहे त्याला हे कोडं वाटणार नाही. फकीर, साधू, मुनी म्हणणाऱ्यांनी त्या म्हाताऱ्याची प्रतिष्ठा भाषांतरित केली होती. याने त्याचं राहणं भाषांतरित केलं. मी छापायला देताना चौकीदार ठेवणार नाही. पण गोष्टीत राजा साधे कपडे घालून का गेला, हे त्या शब्दाने मला पहिल्यांदा नीट समजलं.

हा शब्द उत्स्फूर्ततेने बाहेर आला नाही. मंगळवारी उत्स्फूर्तता होती आणि तेव्हा तो गप्प होता. पाच मिनिटांची ठरवलेली शांतता होती म्हणून तो आला. तो येईल असं मात्र टाचणात कुठे लिहिलेलं नव्हतं, लिहिता आलंही नसतं.

आता सहीचं. ऑफिसच्या वहीत शेवटचा रकाना ‘साध्य’ असा असतो, आणि अनेक शाळांत तो इतर रकान्यांबरोबर शनिवारीच भरला जातो, कारण वही तपासायला एकदाच जाते. यात मला फरक करावासा वाटतो. ‘येईल’ हे वाक्य चुकू शकतं, पण मनापासून लिहिलं असेल तर ते खोटं नसतं. तयारीची जबाबदारी घेणारं ते एक वचन असतं. ‘आलं’ हे आधीच लिहिलं की खोटं सुरू होतं, आणि ते मुलाच्या नावावर सांगितलेलं असतं. शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. पण 5 वर्गांच्या वह्या, परीक्षा, सर्वेक्षणं हे सगळं त्यांच्यावर टाकून वर रकाना रिकामा नको म्हणणारी व्यवस्था त्यांच्याकडून भूतकाळच मागत असते.

मैत्रीण दोन वह्या ठेवते. एक ऑफिसची. दुसरी चौकटीची जुनी वही, जिच्यात निष्पत्ती नाहीत, मुलांची नावं आहेत, आणि प्रत्येक नावापुढे या आठवड्यात तो किंवा ती किती वेळा बोलली याच्या रेघा. पुढच्या गुरुवारच्या चौकटीत तिने शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाचं नाव लिहिलं होतं, मोठ्याने वाचनासाठी. मग खोडलं. सव्वादोन मिनिटं हा त्याचा हक्क आहे हे तिला पटतं, पण हक्काची मिनिटं गप्प राहण्यात घालवायची मुभा त्याला असावी की नाही, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. मी सुचवलं, त्यालाच विचार. ती म्हणाली, सातवीतला मुलगा बाईंना ‘नको’ म्हणतो का? विचारणं म्हणजे सांगणंच झालं.

दुसऱ्या वहीत ती चौकट अजून खोडलेलीच आहे. ऑफिसच्या वहीत त्या दिवशी ‘वाचनकौशल्य’ असं लिहिलं आहे, आणि ‘साध्य’ पुढची जागा तिने या वेळी भरलेली नाही.