कशामुळे झालं, डॉक्टर?

टाळूवर किंवा जिभेच्या कडेला फुलकोबीच्या तुऱ्यासारखा, बारीक देठाचा पांढुरका कोंब दिसला की निदान मनात लगेच उमटतं. पॅपिलोमा, म्हणजे तोंडातला मस. एचपीव्ही विषाणूचे ६ आणि ११ हे प्रकार त्यामागे बहुधा असतात. बोटांवरच्या चामखिळी चावणाऱ्या मुलांच्या ओठांवर येतो तो वेगळ्या प्रकारांचा, बहुतेकदा २ किंवा ४. उपचार अवघड नाही. जागा बधिर करायची आणि मस बुडासकट काढायचा. लेझरने काढता येतो, गोठवताही येतो. पण गोठवला तर तपासायला तुकडा उरत नाही, म्हणून मी कापणंच पसंत करतो.

हात इतके ठाम असतात. तोंड उघडायची वेळ माझ्यावर आली की तो ठामपणा टिकत नाही.

"डॉक्टर, हे मला कशामुळे झालं?" लहान मुलाच्या आईला मी मोकळेपणाने सांगतो. सासूला सोबत घेऊन आलेल्या बाईसमोर माझं उत्तर आखडतं: "विषाणू आहे, कुठूनही येतो." एकटा तरुण आला की मात्र मी मुखमैथुनाबद्दल थेट विचारतो, आणि आवाजात उलटतपासणी उतरते. आजार तोच, मग माझा सूर का बदलतो? शरीरसंबंध हा संसर्गाचा एक मार्ग आहे, हे खरं. पण हा विषाणू महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. तो कुणाकडून आणि केव्हा आला, हे मसाकडे पाहून कुणालाच सांगता येत नाही. हे पक्कं ठाऊक असताना मी जे विचारतो, त्यातलं उपचारासाठी किती आणि माझ्या संस्कारांच्या समाधानासाठी किती? एकाच वेळी अनेक मस दिसले तर एचआयव्हीची तपासणी सुचवावीच लागते. ती सासूसोबतच्या बाईलाही सुचवायला हवी, आधी तिला एकटीला आत बोलावून.

या संकोचाची किंमत पुढच्या पिढीलाही मोजावी लागते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही एचपीव्हीविरुद्धची लस २०२३ पासून मिळते. ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध ती आहे. झालेला मस तिने जात नाही; ती आधीच द्यायची असते. लशीबद्दल बोलायचं तर संसर्गाबद्दल बोलावं लागतं. मुलींच्या आईबापांसमोर तो विषय मी किती वेळा स्वतःहून काढतो?

आणखी एक मोह आहे, धीर देण्याचा. मशेरी लावणारी, तंबाखू खाणारी माणसं कॅन्सरच्या धास्तीने येतात. "काही नाही, साधा मस आहे," हे ऐकायला त्यांचे कान आसुसलेले असतात आणि मलाही ते म्हणायला आवडतं. पण व्हेरुकस कार्सिनोमा हा कॅन्सर मसासारखाच खडबडीत, पांढुरका दिसतो, आणि तंबाखू खाणाऱ्यांच्याच गालात बहुधा सापडतो. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत "साधा" म्हणण्याचा अधिकार मला नाही, समोरचा कितीही केविलवाणा झाला तरी.

तुमच्या तोंडात असा कोंब असेल आणि दोन आठवड्यांत तो गेला नाही, तर त्याला घोड्याचा केस बांधू नका, चुना लावू नका. दंतवैद्याला दाखवा. काढलेला तुकडा तपासणीला गेला का, हे विचारा आणि रिपोर्ट मागून घ्या.