बर्फावरचा पट्टा आणि स्याद्वाद

अनेकान्तवाद म्हणजे वस्तूला अनंत धर्म असतात आणि कोणतेही एक विधान त्यांतील काही धर्मांपुरतेच खरे असते, हे जैन दर्शनाचे मत. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात त्यावर घेतलेला आक्षेप दुहेरी आहे. परस्परविरुद्ध धर्म एका वस्तूत एकाच वेळी नांदू शकत नाहीत, हा त्याचा तार्किक भाग होय; त्याला जैन तार्किकांनी, ते धर्म निरनिराळ्या अपेक्षांनी नांदतात, असे उत्तर दिले. दुसरा भाग अधिक बोचरा आहे, कारण ज्याचे ज्ञानच अनिश्चित त्याने कृतीला प्रवृत्त तरी कसे व्हावे, असे तो विचारतो.

या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करण्यास सुरतेइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. तापीच्या पलीकडच्या तीरावरील रांदेर येथे विक्रम संवत 1738 मध्ये उपाध्याय विनयविजय कालवश झाले आणि त्यांचा अपुरा राहिलेला ‘श्रीपाल राजानो रास’ यशोविजयांनी पूर्ण केला. याच विनयविजयांनी ‘नयकर्णिका’ या छोट्या संस्कृत ग्रंथात सात नयांची, म्हणजे वस्तूकडे पाहण्याच्या सात दृष्टींची, ओळख करून दिली आहे. नदी जेथे समुद्राला मिळते त्या हजिऱ्यात आज लार्सन अँड टुब्रोचा चिलखती वाहनांचा कारखाना उभा आहे. के-9 वज्र या पट्ट्यांवर चालणाऱ्या तोफा तेथेच तयार झाल्या आणि डीआरडीओच्या सहकार्याने घडवलेला झोरावर हा सुमारे 25 टनांचा उभयचर हलका रणगाडाही 6 जुलै 2024 रोजी तेथेच प्रथम दाखवण्यात आला. ज्या सेनापतीचे नाव त्याला दिले, ते झोरावरसिंग डिसेंबर 1841 मध्ये तिबेटच्या कडाक्याच्या थंडीत लढताना पडले.

बर्फात आणि पाण्यात, दोन्हीकडे चालणाऱ्या वाहनाला पट्टा कोणता बसवावा, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ यंत्रशास्त्राचा वाटतो. वाहनाचे वजन भागिले पट्ट्याचे जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ म्हणजे जमिनीवरचा दाब. समजा, माणसांसह 900 किलो वजनाच्या लहान उभयचर गाडीचे दोन पट्टे प्रत्येकी 45 सेंटिमीटर रुंद असून दोन मीटर लांबीपर्यंत टेकतात; तर दाब दर चौरस सेंटिमीटरला अवघा 50 ग्रॅम पडतो, म्हणजे बूट घालून उभ्या असलेल्या माणसापेक्षाही बराच कमी. भुसभुशीत बर्फावर म्हणूनच रुंद पट्टा हवा. पण तोच पट्टा खडकाळ वाटेवर वळताना घासत जातो आणि इंजिनापासून चाकांपर्यंतच्या सर्व जोडांवर ताण आणतो. पाण्यात त्याचे वजन गाडीला खोल बसवते, आणि तेथे उपयोगी पडतात ते पाणी मागे लोटणारे आडवे कंगोरे. टायरांवरून चढवलेल्या रबरी पट्ट्यात शून्य अंशाजवळचे ओलसर बर्फ भरत जाते, पट्टा ताणला जातो आणि वळणावर निसटूही शकतो. कोरड्या, कडक थंडीतल्या भुकटीसारख्या बर्फात हीच अडचण सहसा येत नाही.

‘हा पट्टा चांगला’ या वाक्याला म्हणूनच ‘स्यात्’, म्हणजे ‘एका अपेक्षेने’, हे पद लावल्यावाचून अर्थ येत नाही; प्रत्येक विधान असे सापेक्षपणे करणे म्हणजेच स्याद्वाद. जैन परंपरा अपेक्षा मोजते ती द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अंगांनी: कोणत्या वजनाची गाडी, कोणती भूमी, कोणता ऋतू आणि त्या वेळची नेमकी अवस्था. एवंभूत नय तर याहून काटेकोर असून, शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष क्रियेत असेल तेव्हाच तो शब्द लागू करतो. त्या दृष्टीने वाहन तरंगत असेल तेवढ्याच वेळी ते जलचर ठरते. मात्र एका नयाने दुसऱ्याचा निषेध केला की तो दुर्नय होतो. बर्फाचा विचार करून पाणी विसरणारा अभियंता चुकतो तो येथेच.

आता शंकराचार्यांच्या प्रश्नाला उत्तर देता येते. चारही अंगे निश्चित केल्यावर निर्णयही निश्चित होतो आणि तो मनाजोगता वाकवता येत नाही, कारण त्याची शहानिशा भूमी करते. सापेक्ष म्हणजे स्वैर, हा समज स्याद्वादाच्या टीकाकारांइतकाच त्याच्या उथळ प्रशंसकांमध्येही रूढ आहे, आणि या दर्शनाचे खरे नुकसान त्याच समजाने केले आहे.

तरीही, अहिंसेच्या चिंतनातून आलेली विचारपद्धती युद्धयंत्राला लावावी का, ही टोचणी उरतेच. ईर्यासमिती, म्हणजे पुढची भूमी पाहून पाऊल टाकण्याचे व्रत, आणि जमिनीवर कमी दाब देणारा पट्टा यांत दिसणारे साम्य फसवे आहे. जैनांच्या लेखी हिमही अप्काय, म्हणजे जलरूप जीवांचे शरीर आहे, आणि पट्टा हलका पडल्याने तोफ निष्पाप होत नाही. मात्र उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. चुकीच्या पट्ट्यामुळे बर्फात गाडी अडकून आतली माणसे गारठून मेली, तर पट्टा निवडणाऱ्याचा तो प्रमादच ठरेल, आणि हा न्याय शांततेच्या काळात बचावासाठी धावणाऱ्या गाडीलाही तितकाच लागू होईल. हजिऱ्याच्या दमट, समुद्रकाठच्या भूमीवर दिलेला निर्णय हा एक नय आहे. डिसेंबर 2024 मध्ये झोरावरला 4200 मीटरहून अधिक उंचीवर नेऊन त्याची तोफ डागून पाहावी लागली, ती याच कारणाने.