दुसऱ्याच्या वतीने

"चाचा, घरात माणसं किती?"

उन्हातून आलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा दारात उभा होता. कसल्याशा सर्वेक्षणाचे कागद त्याच्या हातात होते. मी म्हटले, "सात." त्याने लिहून घेतले. मग विचारले, "आणि चुली?"

इथे मी अडखळलो. थोरले भाई वरच्या मजल्यावर राहतात. दोन वर्षांपासून त्यांचा स्वयंपाक वेगळा होतो. टीव्ही मात्र खालच्या खोलीत, एकच. रात्री सगळे तिथेच असतात. मुलगा म्हणाला, "एका चुलीवर जेवतात तेवढेच सांगा, चाचा." मी सातचे चार केले. खरे तेच सांगितले, तरी तो गेल्यावर खोटे बोलल्यासारखे वाटत राहिले.

त्या मुलाचा दोष नव्हता. जनगणनेतही कुटुंबाची व्याख्या हीच आहे : जे एकत्र राहतात आणि सामाईक स्वयंपाकघरातले जेवतात, ते एक कुटुंब. शेवटची जनगणना 2011 साली झाली. तेव्हा देशातल्या सत्तेचाळीस टक्के कुटुंबांकडे दूरचित्रवाणी संच होता. 2021 ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात किती घरे वाढली, किती मोडली, किती चुली वेगळ्या झाल्या, याचा हिशेब अंदाजानेच होत राहिला. टीव्ही कोण किती पाहते हे मोजणाऱ्यांनाही त्याच अंदाजावर उभे राहावे लागते. 2015 पासून आपल्याकडे हे काम 'बार्क' ही संस्था करते. तिने आपल्या पाहणीवरून 2018 साली देशात टीव्ही असलेली सुमारे 19 कोटी 70 लाख घरे धरली होती, 2020 साली सुमारे 21 कोटी धरली. त्याच 2020 साली मोजणीयंत्र बसवलेली घरे होती सुमारे 44 हजार. भागाकार करून पाहा. एका घराच्या वाट्याला पावणेपाच हजारांच्या आसपास घरे येतात.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे संख्या लहान आहे म्हणून ओरडणाऱ्यांशी माझे फारसे जमत नाही. नमुना नीट निवडला तर थोडक्या घरांवरून पुष्कळ कळते. पण पातेले एक असेल, भात एकाच आचेवर शिजला असेल, तरच एक शीत पुरते. आपला देश अनेक चुलींवर शिजतो. म्हणून घरांचे वर्ग पाडतात. कमावत्या माणसाचे शिक्षण पाहतात आणि अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत ते मोजतात : वीज, पंखा, गॅसची शेगडी, फ्रीज, दुचाकी, शेतजमीन वगैरे. मग प्रत्येक वर्गातल्या घराला त्याचे वजन देतात. हे वजन देशातल्या घरांच्या अंदाजावरून ठरते. अंदाज जुना झाला की वजनही चुकते, मग यंत्र कितीही अचूक असो.

याचे एक उदाहरण विसरण्यासारखे नाही. 'बार्क'च्या आधी 'टॅम'चे आकडे चालत. त्यांची यंत्रे सुमारे आठ हजार घरांत होती आणि ती बहुतांश शहरांत. ऑक्टोबर 2015 मध्ये 'बार्क'ने ग्रामीण भागाचे आकडे द्यायला सुरुवात केली आणि यादी उलटीपालटी झाली. दूरदर्शनच्या फुकट डिशवर जुन्या मालिका दाखवणाऱ्या वाहिन्या एकाएकी वर आल्या. बातम्यांत तेव्हा त्यांचे प्रेक्षक 'वाढले' असे लिहून येत होते. वाढले कुठून? ती माणसे आदल्या आठवड्यातही तिथेच बसून तेच पाहत होती. 2004 पासून त्यांच्या पत्र्यावर ती छत्री होती. फरक एवढाच पडला की कुणीतरी त्यांना मोजायला गेले. मोजले न जाणे हा अन्याय आहे की नाही, असा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. उपाशी राहण्यासारखा तो नाही, हे उघड आहे. पण जाहिरातीचा पैसा आकड्यामागे जातो आणि पैशामागे कार्यक्रम जातात. ज्याचा आकडा नाही त्याच्यासाठी कुणी काही बनवत नाही, आणि पुढे त्यालाच सांगितले जाते की तुझी आवड अशीच आहे.

आता त्या यंत्र असलेल्या घराकडे वळू. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. यंत्र ती ओळखते, त्यामुळे कुठली वाहिनी चालू आहे याबद्दल खोटे बोलता येत नाही. कोण पाहते आहे हे मात्र माणसालाच सांगावे लागते. घरातल्या प्रत्येकाचे एक बटण. बसलात की दाबायचे, उठलात की पुन्हा दाबायचे. दोन वर्षांच्या मुलापासून मोजणी होते, म्हणजे त्याचे बटण आईने दाबायचे. पाहुण्यांचीही सोय असते. या घरांची नावे गुप्त ठेवतात. हे घर पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलते आणि त्या घरांना त्याचा पत्ता नाही. आमदाराला निदान पाच वर्षांनी दारात यावे लागते. याला कुणी निवडले नाही, कुणी जाब विचारणार नाही. मला हे फार विचित्र प्रातिनिधित्व वाटते. ज्यांनी आपल्याला पाठवले नाही, जे आपल्याला ओळखतही नाहीत, त्यांच्याशी आपण प्रामाणिक राहावे, ते कशाच्या जोरावर?

ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीचे प्रकरण बाहेर काढले. काही घरांना महिना चार-पाचशे रुपये देऊन ठरावीक वाहिनी चालू ठेवायला सांगितले, असा आरोप होता. वृत्तवाहिन्यांचे आकडे बंद झाले, ते मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले. पुढे सरकारने खटलाच मागे घेतला, तेव्हा कुणी काय केले यावर मी बोलणार नाही. पण आरोप ऐकल्यावर आमच्या कट्ट्यावर एकजण म्हणाला, "त्यात काय झालं? टीव्ही त्याचा, वीज त्याची, डोळे त्याचे." मला तेव्हा उत्तर सुचले नाही. आता वाटते, डोळे त्याचे असतात हे खरे, पण अशा व्यवहारात विकले जातात ते त्याचे नसतात. त्याला हवे ते पाहायला कुणी अडवलेले नसते. पाचशे रुपये मिळतात ते त्याच्याकडे अमानत म्हणून आलेल्या हजारो घरांच्या गवाहीचे. विकणाऱ्यापेक्षा विकत घेणारा मोठा गुन्हेगार, हे मी मान्य करतो. लॉकडाउनच्या वर्षात पाचशे रुपये म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. तरीही विकणारा निर्दोष ठरत नाही. अमानत आपल्याकडे कुणी विचारून ठेवली नव्हती, ही सबब मला पुरेशी वाटत नाही. रस्त्यात सापडलेले पाकीटही कुणी विचारून टाकलेले नसते.

पण पैशाचा मामला सोपा आहे. मला जास्त छळते ते बिनपैशाचे खोटे. कंटाळा आला म्हणून सगळ्यांची बटणे एकदम दाबणे. आपण उठून गेलो तरी बटण तसेच ठेवणे. किंवा एखादीने कधी स्वतःचे बटणच न दाबणे, कारण आपण पाहतो असे तिला स्वतःलाच वाटत नाही.

हे मी भाभींवरून म्हणतो. वरचा स्वयंपाक आटोपून रात्री त्या खाली येतात, पण खोलीत बसत नाहीत. उंबऱ्याशी टेकतात, मांडीवर उद्याच्या भाजीचे ताट. तो मुलगा येऊन गेल्यानंतर एकदा मी सहज विचारले, "भाभी, आपल्याकडे ते यंत्र बसवलं तर तुमचं बटण रोज कोण दाबणार?"

"माझं कशाला?" त्या शेंगांच्या शिरा काढत म्हणाल्या. "मी कुठे बघते? माझं आपलं काम चालू असतं."

मग मान वर करून म्हणाल्या, "काल तू लवकर झोपलास ना? तिच्या सासूने कागदावर सही केली बरं का. मी म्हटलंच होतं, ती करणार."